दत्तगुरूंना मी बहिरे म्हणालो

त्या वर्षी माझं आणि दत्तगुरूंचं बोलणं बंद होतं. म्हणजे मी बोलत नव्हतो; ते तर आधीपासूनच बोलत नव्हते. गुरुवारी आरती करायचो, नैवेद्य ठेवायचो, पण तसबिरीच्या नजरेला नजर देत नव्हतो. कारण घरातच होतं. आमची एकुलती एक मुलगी चिमी दोन वर्षांची होत आली होती आणि तिला ऐकू येत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

आम्ही मूळचे घाटावरचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात मी मागावर होतो. सरावलीला भाड्याची खोली होती, तिची मागची भिंत दुसऱ्या एका माग-शेडला लागून. दिवसभर मी आमच्या मागांत उभा आणि घरी आलो की भिंतीपलीकडे दुसऱ्याचे माग. हे कमी होतं म्हणून की काय, दर गुरुवारी भजनही आमच्याच खोलीत. टाळ, मृदंग, जाधवांची पेटी आणि माझा आवाज. स्वतःच्या आवाजाबद्दल स्वतः सांगू नये, पण तो बोईसरच्या फाटकापर्यंत ऐकू जातो असं शेजारी म्हणत. ते मी कौतुक म्हणून घेत असे.

या गदारोळात चिमी मृदंगाला पाय लावून गाढ झोपायची. आधी आम्हाला त्याचं कोण कौतुक. पोर गुणाची आहे, भजनात रमते, मागल्या जन्मीची कुणी साधू असेल, असं मीच चारचौघांत सांगितलं होतं. मग एकदा माझी बहीण गावाहून आली. तिच्या हातून पितळी परात चिमीच्या पाठीमागे पडली. आमच्या खोलीतली भांडी फळीवर नाचली, पण चिमीनं मान वळवली नाही. ती चुरमुरे वेचत राहिली. बहिणीनं तोंडाला पदर लावला आणि त्या दिवसापासून चाळीत तपासणी सुरू झाली. जो येई तो चिमीच्या मागे उभा राहून टाळी वाजवी. कुणी ताट बडवलं, एकानं शंख फुंकला. शंखाला शेजारच्या तीन खोल्यांतली माणसं बाहेर आली, चिमी मात्र जागची हलली नाही.

एकटी माझी बायको मानायला तयार नव्हती. "ती बोलते हो. हळू बोलते," ती म्हणायची. मी चिमीसमोर मांडी घालून बसायचो, तिच्या ओठांकडे बघायचो. ओठ हलायचे, आवाज काही यायचा नाही. आईची वेडी आशा, असं म्हणून मी उठायचो. आणि एका गुरुवारी, सगळे गेल्यावर, मी तसबिरीसमोर उभा राहून म्हणालो, "बारा वर्षं घसा फोडून गातोय. तुम्हीच बहिरे आहात, म्हणून पोर बहिरी दिलीत." बोलून गेलो खरा. पण शब्द परत घेतले नाहीत. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

बोईसरच्या डॉक्टरांनी चिमीला बघून सांगितलं की पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मुंबईहून एक मशीन येणार आहे. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचला की नाही हे पडद्यावर दिसतं. मुलानं मान वळवायची गरज नाही, टाळ्या नकोत, शंख नको. "एवढी संधी सोडू नका," ते म्हणाले. "मशीन पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. बहिरी असेल तर आत्ताच कानाला यंत्र लावलं पाहिजे. बोलायला शिकायचं वय एकदा गेलं की गेलं."

नडलेला माणूस रुसवा फार दिवस टिकवू शकत नाही. मी दत्तगुरूंसमोर नारळ ठेवला आणि मला जे सगळ्यात प्रिय ते पणाला लावलं. "चिमीला ऐकू येत असेल तर वर्षभर भजनात तोंड उघडणार नाही." मंडळींना हे सांगितलं तेव्हा पेटीवाल्या जाधवांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन चिमीसाठी अभिषेक केला. इतकं प्रेम कोण करतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तपासणीत मूल झोपलं पाहिजे, म्हणून तिला आधी झोपू द्यायचं नाही अशी सूचना होती. आम्ही एस.टी.नं निघालो. गाडीची एकही खिडकी अशी नव्हती की जी वाजत नव्हती. चिमीचे डोळे बोईसर सुटायच्या आधीच मिटायला लागले. बायको तिला चिमटे काढत होती, मी तिच्या तोंडावर पाणी शिंपडत होतो आणि मागच्या बाकावरचा माणूस आमच्याकडे कसाई असल्यासारखा बघत होता.

दवाखान्यात त्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या बांधल्या होत्या. दारावर 'शांतता राखा'. आत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी सामसूम. आलेली सगळी मुलं झोपेचं औषध पोटात गेल्यावर माना टाकून झोपली, तपासून झाली, घरी गेली. चिमीला औषध दिलं आणि ती टक्क जागी झाली. आयुष्यात अशी शांतता तिनं पाहिलीच नव्हती. ती घाबरून इकडे तिकडे बघत होती, जणू कुठेतरी काहीतरी बंद पडलंय. बायकोनं थोपटलं, मी पाय दाबले. मशीनवाल्या बाई भल्या होत्या, पण त्यांनाही परतायचं होतं. "चारपर्यंत झोपली तर बघू. नाहीतर मग पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या. आम्ही चिमीला घेऊन व्हरांड्यात आलो. साडेतीन वाजले होते आणि माझा धीर पार सुटला होता.

व्हरांड्यात नवापूरची एक कोळीण बसली होती. नवऱ्याच्या कानाला यंत्र मिळावं म्हणून आली होती. नवऱ्याशी बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता की माझा आवाज तिच्यापुढे शेळीचा. ती बराच वेळ आमची धडपड बघत होती.

"घरी कशी निजते गं ही?" तिनं बायकोला विचारलं.

"मागाच्या आवाजात. भजनात."

"मग हितं मसनासारख्या गपगारात कशी निजल ती? आमच्या नवापुरात दर्या गप झाला का पोरं उठून बसतात." असं म्हणून तिनं आमच्या पिशवीतला ॲल्युमिनियमचा डबा काढून माझ्या हातात दिला. "वाजव, दादा."

'शांतता राखा'च्या पाटीखाली मी डबा वाजवायला सुरुवात केली. मागाचा ठेका माझ्या हातांत होताच. खटाक-खट, खटाक-खट. बायको म्हणाली, भजनही म्हणा. मी वरचा सूर लावला. दवाखान्याचा शिपाई धावत आला. त्याला ती कोळीण मावशी सामोरी गेली आणि मग जे भांडण लागलं ते काय वर्णावं. "तुला पोरं हायेत का नाय?" "ही काय जत्रा आहे का?" "जत्राच हाय, तू नारळ फोड." एक नर्स आली, दुसरी आली, दोघी ओरडू लागल्या. कुणाची तरी बादली लवंडली. आणि या सगळ्याच्या मधोमध आमच्या चिमीनं जांभई दिली, अंगठा तोंडात घातला आणि आईच्या खांद्यावर मान टाकली.

आवाज एकदम थांबवू नका, असं मावशीनं सगळ्यांना बजावलं. भांडण हळूहळू उतरवत नेलं. शिपाईसुद्धा शेवटच्या शिव्या कुजबुजून देत होता. तोवर औषधानं आपलं काम केलं.

बाईंनी चिमीच्या कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या, कानांवर हेडफोन चढवला. पडद्यावर आधी नुसती रेघांची गिचमिड होती. मग हजारो टकटकींची बेरीज होत होत तिच्यातून एक-एक उंचवटा वर येऊ लागला. बाईंनी बोट ठेवलं. "ही पाचवी लाट. ही दिसली म्हणजे आवाज आत पोचला." दाराशी उभी असलेली मावशी म्हणाली, "दर्याची पन पाचवीच मोठी." बाई आवाज कमी करत गेल्या, आणखी कमी, आणि दर वेळी ती लाट थोडी उशिरा, थोडी बारीक, पण येत राहिली. दुसऱ्या कानाचंही तसंच. "हिला उत्तम ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "आवाजातच वाढली, म्हणून आवाजाला दाद देत नाही एवढंच." बायको खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. मी भिंतीला टेकलो.

"किती बारीक आवाज हिच्या मेंदूनं टिपलाय, ऐका," असं म्हणून बाईंनी हेडफोन माझ्या कानांना लावला. मी थांबलो. "सुरू करा," म्हणालो.

"सुरूच आहे."

मी हेडफोन काढून उलटासुलटा बघितला. मागावरचा माणूस मी, यंत्रातलं मला कळतं. "वायर ढिली आहे," मी सांगितलं. बाईंनी तो बायकोला लावला. तिला टकटक ऐकू आली. मावशीला लावला, तिलाही आली. मला पुन्हा लावला. काही नाही. खोलीतल्या तिघी बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि तिघींच्याही चेहऱ्यांवर हसू दाबल्याचं स्वच्छ दिसत होतं.

"किती वर्षं मागावर?" बाईंनी विचारलं.

"बारा."

"कानात कापूस घालत होता का?"

कापसाचाच आमचा कारखाना, पण कानात घालायचं कधी सुचलं नव्हतं. बाई म्हणाल्या की मला मोठं बोललेलं ऐकू येतं, पण बारीक, कोवळे आवाज गेलेत. लहान मुलाचा आवाज असतो, तसले.

चिमी जागी झाली तेव्हा आम्ही त्या गाद्या बांधलेल्या खोलीतच होतो. बारा वर्षांत मी इतक्या शांततेत बसलो नव्हतो. तिनं माझ्याकडे बघून ओठ हलवले, नेहमीसारखे. मी खाली वाकून डावा कान तिच्या तोंडाला लावला. कानाला ओलसर ऊब लागली आणि आतून कुठून तरी आवाज आला, "बाबा." बायको म्हणाली, "दोन महिने झाले, ती हाक मारतेय तुम्हाला." मी तसाच वाकलेला राहिलो, कारण बायकोला दाखवायला तोंड नव्हतं.

त्या कोळीण माउलीचं रूप घेऊन कोण आलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. अशा व्यक्तींचा पुढे पत्ता लागत नाही, हे मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं होतं. तरी नारळ आणि लुगडं घेऊन नवापूरला गेलो. पत्ता लगेच लागला. गावाच्या वेशीवरून तिचा आवाज येत होता, मलासुद्धा. तिनं लुगडं ठेवून घेतलं, नारळ फोडून मला अर्धा दिला आणि वर सुक्या बोंबलांची जुडी बांधून दिली. तो दिवस गुरुवार होता. दत्ताचा वार, हातात बोंबील आणि नाही म्हणायची सोय नाही. मी जुडी कपाळाला लावली. शुक्रवारी खाल्ली.

नवस फेडला. वर्षभर मी भजनात तोंड मिटून बसलो आणि आमच्या भजनाला आधी कधी आली नव्हती एवढी माणसं येऊ लागली. जाधवांचे डोळे तेव्हा का पाणावले होते हे मला मग उमगलं. वर्ष संपलं याची कुणी मला आठवण करून दिली नाही, मीही विषय काढला नाही.

आता मी तसबिरीसमोर डावा कान पुढे करून बसतो. मागत नाही, ओरडत नाही, रुसत तर नाहीच. चिमी मोठी झाली. काही सांगायचं असलं की ती आपणहून माझ्या डाव्या बाजूला येते आणि वाकून बोलते. कुणी विचारतं, एवढी वर्षं सेवा करताय, महाराज कधी काही बोलले का? मला अजून ऐकू आलेलं नाही. पण माझ्या बायकोचं ते वाक्य मी विसरलेलो नाही. बोलत असतील. हळू बोलत असतील.