स्वरा, आजीला सांग

घरात क्लास असला की दारात चपला साठतात आणि घरात किस्से. चपला संध्याकाळी आपापल्या पायांत निघून जातात. किस्से मागे राहतात, आणि ज्याला सांगावेत तो नवरा कंपनीतून येऊन जेवता जेवता पेंगत असतो. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा क्लास बिरवाडीत, आमच्याच पुढच्या खोलीत. दहावी राहून गेलेल्या बायका बाहेरून परीक्षा द्यायला सतरा नंबरचा फॉर्म भरतात आणि इंग्लिशसाठी माझ्याकडे येतात. माझ्याकडेच का, हे मला अजून कळलेलं नाही. कारण मी एम. ए. इंग्लिश खरी, पण माझी स्वतःची मुलगी तीन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलत नव्हती. नाव स्वरा! नाव ठेवताना जरा दमानं घ्यायला हवं होतं. महाडच्या डॉक्टरांनी कान तपासले. म्हणाले, "ऐकू छान येतंय. तीन पूर्ण होईपर्यंत वाट बघा. नाहीच बोलली तर पुण्याला दाखवा."

मी वाट बघत होते. आणि वाट बघता बघता कोण काय बोललं ते इंग्लिशमध्ये कसं सांगायचं, हे दुसऱ्यांना शिकवत होते!

*

पॅसिव्ह व्हॉइसचा पहिला दिवस. मी म्हटलं, "काम कुणी केलं हे सांगायचं नसेल तर कर्ता गाळून टाकायचा. किंवा अगदी शेवटी 'बाय' लावून सांगायचा."

वरंधची संगीता एकदम ताठ बसली. "मॅडम, आमचे मालक जन्मापासून असंच बोलतात! दूध उतू गेलं, चावी हरवली, मोबाईल पडला. करनारा कधी घरात दिसलाच नाय!"

आठवड्याभरात तिचा नवरा आमच्या दारात उभा. कंपनीचा युनिफॉर्म, हातात डबा, कपाळावर आठ्या.

"मॅडम, काय बोलायला गेलं की ही 'बाय हूम?' विचारते. काल माझ्या आईलाबी विचारलंन!"

मी सॉरी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

"आता पुढं काय शिकवनार?"

"रिपोर्टेड स्पीच. म्हणजे एक जण बोललेलं दुसऱ्याला जाऊन सांगायचं."

तो घाबरलाच. "ते नका शिकवू. ते येतं तिला!"

*

मधल्या काळात सासूबाईंनी शोध लावला की पोर इंग्लिशमुळे गप्प आहे. सासूबाई पोलादपूरकडच्या वरच्या वाडीतल्या, ठाम बाई. "तिच्या डोक्यात दोन भाषांची भांडनं चालली असतील. तिच्यासमोर इंग्लिश बोलायचं नाय!"

मी शिकलेली बाई, हसून सोडून द्यायला हवं होतं. पण आई झाल्यापासून मी कशालाही घाबरते. म्हणून मी क्लास कुजबुजत घ्यायला लागले. स्वरा कोपऱ्यात भातुकली मांडून बसलेली आणि आम्ही सगळ्या जमिनीवर गोल करून, डोकी जवळ आणून, खालच्या आवाजात, "द लेटर वॉज रिटन..."

शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. दारातच थबकल्या. आमचे चेहरे बघून त्यांनी वाटी खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला, हळूच माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या,

"कधी झालं गो?"

*

शिवथरची ज्योती क्लासमधली सगळ्यात हुशार. मी गृहपाठ दिला होता, "तुम्ही कुणाचा तरी खरा निरोप पोचवला असेल, तो रिपोर्टेड स्पीचमध्ये लिहून आणा." तिच्या माहेरच्या वाडीत रेंज नाही. निरोप माणसांच्या तोंडीच जातात.

ज्योतीची वही कोरी.

"मॅडम, आईनं महाडच्या वहिनीला निरोप दिला होता. तो मी वहिनीला वेगळाच सांगितला. आता इंग्लिशमध्ये कुठला लिहू?"

"अगं, जसा दिला तसा सांगायचा असतो! फक्त काळ बदलायचा!"

"जसाच्या तसा सांगितला असता तर वहिनी माहेरी गेली असती. मी नुसता काळ नाय, सगळंच बदललं."



*

याच ज्योतीला न्यायला एकदा तिचे सासरे आले. आबा दारात उभे. त्यांच्याकडे सून सासऱ्याशी सरळ बोलत नाही. मधे कुणी लहान मूल असेल तर त्याला सांगायचं. आणि खोलीत लहान मूल एकच!

ज्योती स्वराला म्हणाली, "स्वरा, आबांना सांग, जरा बसा, धडा संपतोय."

आबाही स्वराकडे बघूनच म्हणाले, "सांग तिला, एष्टी सुटंल."

"सांग आबांना, दुसरी मिळंल."

स्वराची मान इकडून तिकडे. मी मनात म्हटलं, न बोलणाऱ्या पोरीला निरोप देताय? पण कुणाला काहीच वाटलं नाही. पोरीनं हू की चू न करताच निरोप पोचले, आबा बसले, धडा संपला.

*

स्वराला तीन वर्षं पूर्ण झाली. मी पुण्याची अपॉइंटमेंट घेतली. सासूबाई म्हणाल्या, "धडधाकट पोरीला डॉक्टर कशाला दाखवायचा?" मी नको ते बोलले, त्याही बोलल्या. मग बोलणं बंद. आणि अबोला धरल्यावर घर चालवायचं कसं, तर आमच्याकडेही लहान मूल होतंच!

"स्वरा, आजीला सांग, चहा झालाय."

"स्वरा, तुझ्या आयशीला सांग, ठेव तिथं."

पुण्याला निघायच्या आदल्या दुपारीही क्लास होता. सगळ्या वह्या काढून बसलेल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. डोळे लाल.

"स्वरा, आईला सांग, उद्या मीबी येनार."

मी म्हटलं, "स्वरा, आजीला सांग, यायचं तर स्वेटर घ्या."

"आईला सांग, मला स्वेटर लागत नाय."

"आजीला सांग, घाटात थंडी असते."

"आईला सांग, मला घाट शिकवू नको!"

स्वरानं हातातलं बिस्किट खाली ठेवलं. आजीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि कपाळाला आठ्या घालून, स्वच्छ, मोठ्यानं म्हणाली,

"तूच सांग!"

मी आणि सासूबाई दोन बाजूंनी तिच्याकडे धावलो.

सगळ्यात आधी संगीताला वाचा फुटली. "मॅडम, ही कुनाला बोलली?"

"मला!" मी म्हणाले.

सासूबाई माझ्यावर कडाडल्या, "तुला कशाला? मला बोलली ती!"