घेतला म्हणा, वहिनी

फोन नीट कानाशी धर गो, आणि ऐकताना दुसरं काही करू नकोस. आजोबांविषयी विचारायला एवढी वर्षं लागली तुला? रोह्यातलं त्यांचं बंद घर माझ्या भिंतीला भिंत लावून उभं आहे, आणि तू ते पाहिलंही नाहीस. असो, विचारलंस ना, ऐक आता.

तुझे आजोबा म्हणजे आमचे कॅप्टन. विमानं चालवली, मग नवे पायलट निवडायला मुलाखती घेतल्या, आणि निवृत्त होऊन इथे आले. चहाचा कप हातात द्यायचे, पण सोडायचे नाहीत. मी ओढतेय, ते धरून. "घेतला म्हणा, वहिनी." घेतला म्हटलं की सोडणार. मला वाटायचं, एकटा राहून माणूस जरा हललाय. तर म्हणाले, "विमानात दोघं असतात. तोंडाने बोललं नाही, तर दोघांनाही वाटतं दुसऱ्याने धरलंय."

पेणला माझ्या भावाचा गणपतीचा कारखाना. त्याची पोर रेवती लहानपणापासून मूर्तींचे डोळे आखायची. रेघ कधी थरथरली नाही. पायलटचं शिकली, पण विमान कंपनीने मुलाखतीत नापास केलं. पुन्हा बोलावणं आलं होतं. याही वेळी नाही म्हणाले तर विमानाचं नावच काढायचं नाही, असं ठरवून बसली होती. मी कॅप्टनना पेणला घेऊन गेले.

"पोरीच्या हातात खोट नाय," भाऊ म्हणाला. "मग काढली कशाला?"

कॅप्टननी रेवतीला विचारलं, "मुलाखतीच्या वेळी सरावाच्या विमानात शेजारी कोण बसवला होता?"

"होता एक, मंद. तो तोंड उघडेपर्यंत मी सगळं करून टाकलं. एक चूक नाही, काका."

"म्हणूनच काढली."

ती फुगली. तेवढ्यात भावाने एका ओल्या मोठ्या मूर्तीला हात घातला, ही उठून दुसऱ्या बाजूला गेली.

"धरलीस?"

"धरली."

मग भावाने सोडली. कॅप्टन हसायलाच लागले. "त्या मंदाला हे का नाही विचारलंस?"

"तिथे माझी परीक्षा होती. इथे मूर्ती फुटली असती."

"आणि तिथे?"



परतताना गाडीत मी म्हटलं, "मग उपजत हाताला काही किंमतच नाही का हो?"

"आहे की. पण हात पाच मिनिटांत दिसतो, वहिनी. दमल्यावर, चिडल्यावर माणूस शेजारच्याशी कसा वागेल, ते दिसत नाही. म्हणून खोदून खोदून विचारायचं. हात माझाही उपजत होता. सुरुवातीला माझ्या शेजारी बसायला कुणी राजी नसायचं."

"मग तुम्हाला घेतलं कसं?"

"तेव्हा कुणी विचारलंच नाही."

रेवती दुसऱ्यांदा गेली. शेजारच्याला विचारत विचारत, सावकाश सगळं केलं. एक चूक झाली, तीही बोलून दाखवली. आणि घेतली गो तिला.

कॅप्टनना मुंबईच्या इस्पितळात न्यायला गाडी आली, तेव्हा त्यांनी घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. बोटं मात्र सोडेनात. मला रडू आवरत नव्हतं. ते थांबले. मी "घेतली" म्हटलं, तेव्हा सोडली. परत काही आले नाहीत.

ती किल्ली तुझी आहे. दर आठवड्याला दारं उघडते, झाडून घेते, पण आता माझेही गुडघे बोलतात. लवकर ये. हातावर ठेवीन तुझ्या, पण तू बोलल्याशिवाय सोडायची नाही मी.