हत्तीच्या बाजूने सत्तावीस मतं

माझ्या मुलीच्या सहा महिन्यांच्या कष्टांवर मी एका रविवारी दुपारी पाणी फिरवलं, आणि तेही घरी सव्वीस माणसांची पंगत बसवून.

ऋतुजा आमची एकुलती एक. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. त्यात राज्य उभं करायचं, धान्य पिकवायचं, सैन्य जमवायचं आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. समोरचा कधी पोलंडचा, कधी ब्राझीलचा. (मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्टोअरला आहे. माझा परदेशाशी संबंध बेअरिंगच्या खोक्यावरच्या अक्षरांपुरता!) त्या गेममध्ये चार राज्यं आहेत आणि एकाच राज्याकडे हत्ती आहेत. ऋतुजा हत्तीवाली. तीन वर्षं हत्ती घेऊनच खेळते आणि भारतात पहिल्या दहात आहे. एवढं मला पाठ आहे, कारण लग्नाकार्यात मी तेवढंच सांगतो.

एका गुरुवारी जेवताना तिचा घास हातातच राहिला.

"काय झालं गं?"

"रविवारी मतदान हाय, पप्पा."

मतदान! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. अहो, हाउसिंग सोसायटी असो, पतसंस्था असो, तालमीचं मंडळ असो, तीस वर्षांत अशी एक निवडणूक झाली नाही जिच्यात मी कुणाच्या तरी पॅनेलमागे फिरलो नाही. (आमचं पॅनेल कधी निवडून आलं नाही, हा भाग वेगळा.)

"कसलं मतदान?"

"हत्तीचा जोर कमी करायचा का न्हाय, त्याचं. आत्ता हत्ती तीन धडकंत भिंत पाडतोय. त्याला पाच धडका लागू देत, असा प्रस्ताव हाय. गेम काढणारे म्हंत्यात, खेळाडूंनीच वाद घालावा आन् खेळाडूंनीच मत द्यावं. शंभरात साठ मतं पडली, तर बदल हुणार."

"आन् निकाल उलटा लागला तर?"

"तर माझं सहा म्हैनं गेलं पाण्यात," असं म्हणून ती ताट ठेवून उठली.

आता इथं कुठल्याही शहाण्या बापानं एकच प्रश्न विचारला असता: बाळ, तू कुठल्या बाजूला? मी नाही विचारला. विचारायचं काय त्यात? पोरगी हत्तीवाली, म्हणजे हत्तीच्याच बाजूला! माझा डाव जरा कमजोर करा, असं सांगायला कुठला पैलवान पंचाकडे गेलाय? माझं चिन्ह बारीक छापा, असा अर्ज कुठल्या उमेदवारानं केलाय? कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे प्रश्न पडतच नाहीत, तर तो विचारणार कसे?

माझी बायको, सुनीता, मात्र म्हणाली, "तिला इचारा तरी आधी."

"न्हाय. सरप्राईज द्यायचं हाय."

"अहो, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"तुला तरी कुठं कळतंय?"

"मलाबी कळत न्हाय. पर ते मला म्हाइत हाय."

हा टोमणा मी निवडणुकीच्या धामधुमीत कानाआड केला आणि शुक्रवारी कामावरून परस्पर मंगळवार पेठेत रियाजभाईंच्या दुकानात गेलो. रियाजभाई टेलर. शर्ट शिवतात ठीकठाक, पण मतदारांची मोट बांधण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. मी सगळं सांगितलं तसं त्यांनी मशीन थांबवलं.

"मतदार यादी दाखवा."

"यादीच न्हाय. कोण बी नाव-गाव घालायचं, एक शिकाऊ सामना खेळायचा, की झाला मतदार."

"कोण बी?"

"कोण बी."

रियाजभाईंनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. "दादा, हे तर मोकळं रान हाय की ओ! बारा माणसं माझी. तालमीतली पोरं हैत, सांगंल तिथं अंगठा दाबत्यात. पर जेवण पायजे."

"रस्सा करू."

"मग निवडून आलाच हत्ती!"

तिथूनच मी आजऱ्याला माझ्या दाजींना फोन लावला. त्यांचा काजूगर काढायचा लहानसा कारखाना आहे, माणसं हाताशी.

"दाजी, एका निवडणुकीला मतं पायजेत."

"कुणाची निवडणूक?"

"हत्तीची."

दाजी हळू आवाजात म्हणाले, "हत्ती हिकडंच हाय की पावणं. परवाच खालच्या शिवारातलं भात तुडवून गेलाय."

"तो न्हाय ओ. हत्तीचा जोर कमी करा, असं काही लोक म्हणायलेत. आपण त्याला विरोध करायचाय."

"विरोध?" दाजी ओरडलेच. "हितं गाव बोंबलायलंय बंदोबस्त करा म्हणून, आन् तुम्ही हत्तीचा प्रचार करताय?"

"दाजी, हा कॉम्प्युटरातला हत्ती हाय!"

"त्यो भात खातोय?"

"न्हाय."

"मग ठीक हाय. बारा मतं धरा. जेवायला काय हाय?"

रविवार उजाडला. ऋतुजा सकाळीच राजारामपुरीला मैत्रिणीकडे गेली. दिवसभर त्या दोघी तिथं बसून जगभरच्या खेळाडूंशी वाद घालणार होत्या. ती कोपऱ्यावरून वळली आणि दुसऱ्या बाजूनं दाजींची जीप आली! बारा आजऱ्याचे, बारा पेठेतले, शेजारच्या मगदूमकाकू आणि त्यांचे मिस्टर, असे सव्वीस. सत्ताविसावा मी. मगदूम मंडळी जैन, त्यांच्यासाठी वेगळी आमटी आणि वेगळी भांडी. बाकी सगळ्यांना तांबडा-पांढरा. सुनीता चुलीसमोरून मान वर न करता एवढंच म्हणाली, "माझं मत धरू नका."

पण जेवणाआधी मोबाईलवरही खेळता येणारा तो शिकाऊ सामना होता, आणि तिथं आमच्या पॅनेलची खरी परीक्षा झाली. आजऱ्याची माणसं मोबाईलवर भात लावून बसली ती उठेनात. सैन्य दारात येऊन उभं, आणि दाजी म्हणतात, "थांब रं, कापणी हुंदे!" तालमीतल्या दोघांनी एकमेकांच्या किल्ल्यावर जायच्या ऐवजी थेट एकमेकांच्या अंगावर हात टाकला. रियाजभाईंनी मोठ्या ऐटीत हत्ती सोडला आणि स्वतःचीच भिंत पाडली. "कापड उलटं धरल्यालं वाटतंय," ते म्हणाले. आणि मी? त्या शिकाऊ सामन्यात माणूस हरूच शकत नाही म्हणे, तशी सोयच ठेवलेली नाही. मी हरलो.

मतपत्रिका सगळी इंग्रजीत. ती वाचायची काय गरज? मी आधीच फोटो काढून लाल बटणाभोवती गोल करून सगळ्यांना पाठवला होता: 'अनुक्रमांक दोन. लाल बटण. विचार करू नये.' दीड तासात सत्तावीस मतं पडली. मगदूमकाकूंनी बटण दाबून बोट पुढं केलं.

"शाई न्हाय लावत?"

रियाजभाईंनी खिशातला खडू काढून त्यांच्या नखावर रेघ ओढली, तेव्हा कुठं त्यांना मत दिल्यासारखं वाटलं.

सहाला निकाल लागला. प्रस्तावाला साठ टक्के लागत होते, पडले सत्तावन्न. प्रस्ताव आपटला! हत्ती वाचला! तीस वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू जिंकली होती. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, पंख्याला डोकं लागलं म्हणून खाली ठेवलं. गुलालाची पिशवी तयारच होती. साडेसहाला ऋतुजा दारात आली आणि आम्ही तिला कपाळापासून चपलेपर्यंत लाल केलं.

"झिंदाबाद! हत्ती वाचला!"

ती उंबऱ्यातच थांबली. डोळ्यांच्या जागी फक्त दोन पांढरे ठिपके दिसत होते, आणि थोड्या वेळानं त्या ठिपक्यांखाली गुलालात दोन ओघळ दिसायला लागले.

"आनंदाचं हैत," दाजी मला म्हणाले.

"पप्पा," ऋतुजा म्हणाली, "प्रस्ताव माझा होता."

"कुठला?"

"हत्तीचा जोर कमी करायचा. मीच मांडला होता."

"अगं, पर तू हत्तीवाली न्हवं?"

"म्हणूनच की! हत्ती घेतला की कोण बी जिंकतंय. मी काय बी करू दे, कसला बी डाव टाकू दे, लोक म्हंत्यात, हत्तीनं जिंकलं, पोरीनं न्हाय. सहा म्हैनं एकेका सामन्याचा हिशेब मांडला मी. एकेकाला पटवलं. साठच्या वर चाललो होतो दुपारपतूर! आन् मग कुठनं तर सत्तावीस मतं आली. एकदम. सगळी विरोधात. सगळी कोल्हापूर आन् आजऱ्याची."

स्वयंपाकघरात कुणीतरी अजून रस्सा भुरकत होतं. मग रियाजभाई हळूच चपला शोधायला लागले. दाजींना अंधाराच्या आत घाट उतरायचा आहे हे आठवलं. (आजऱ्याच्या वाटेवर त्यांना कुठला घाट उतरायचा होता, हे मी अजून विचारलेलं नाही.) पाच मिनिटांत माझं पॅनेल विसर्जित झालं.

सुनीतानं पोरीचं तोंड पुसलं आणि गुलालाची रिकामी पिशवी माझ्या हातात ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढचा घोटाळा आणखी भलताच. जगभरच्या खेळाडूंना काही केल्या उलगडा होईना. स्वतःला फायदा व्हावा म्हणून खोटी मतं आणणारे त्यांनी पाहिले होते. पण प्रस्ताव मांडणारीच्याच गावातून, प्रस्ताव मांडणारीच्याच विरोधात सत्तावीस मतं? पोलंडच्या एका बाईंनी तर ऋतुजाला खासगीत विचारलं, "तुझ्या गावात तुझ्या जिवाला काही धोका आहे का?"

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"अजून काय सांगितलं न्हाय," ऋतुजा म्हणाली. "इचार करायलोय."

शेवटी तिनं खरं काय ते सांगून टाकलं, आणि बुधवारी संध्याकाळी खेळाडूंच्या पंचांसमोर माझी सुनावणी झाली. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, नंतर कळलं की फक्त आवाजच जाणार होता. मी बोलायचं आणि ऋतुजानं इंग्रजी करायचं, असं ठरलं. पोलंडच्या बाईच प्रमुख.

"त्या लोकांवर कुणी दबाव आणला का?"

"नो मॅडम," मी थेट सांगितलं. "ओन्ली लंच."

"त्यांनी प्रस्ताव वाचला होता?"

"मीसुद्धा वाचला नव्हता."

"मग विरोध का केलात?"

"मुलगी आहे म्हणून."

"पण प्रस्ताव मुलीचाच होता."

"होय."

"तरीही विरोध केलात?"

"होय."

"का?"

"मुलगी आहे म्हणून!"

असे तीन फेरे झाले. चौथ्या फेऱ्याला ऋतुजानं भाषांतर करायचं सोडलं आणि ती हसायला लागली. आधी दाबून, मग टेबलावर डोकं ठेवून. रविवारपासून पहिल्यांदा. मला काय चुकलं ते कळलं नाही, पण मीही हसलो. तेवढ्यात ब्राझीलचा एक मुलगा म्हणाला, "माझे वडील मला एवढंच विचारतात, की हा गेम बंद कधी करणार. तिच्या वडिलांनी सव्वीस माणसांना जेवण दिलंय." मग कुणीतरी विचारलं, जेवणात काय होतं? पांढरा रस्सा म्हणजे काय, हे समजावण्यात पुढची वीस मिनिटं गेली. त्यावर मात्र कुणाचंच मत विरोधात नव्हतं.

निकाल असा लागला: रविवारचं मतदान रद्द. ते पुन्हा होणार, पण त्याआधी नवा नियम. तीस सामने खेळल्याशिवाय कुणालाही मत नाही. मी लगेच ऋतुजाला म्हणालो, "काळजी करू नकोस. सत्तावीसच्या सत्तावीस तुझ्या बाजूला वळवतो, दाजींना आत्ताच फोन..."

"पप्पा," ती माझ्या हातातला मोबाईल काढून घेत म्हणाली, "तुम्ही नुसतं बसा."

मी बसलो. पुढच्या रविवारी मी दिवसभर गॅलरीत बसून होतो. ना फोन, ना जीप, ना रस्सा. संध्याकाळी आतून ऋतुजाची किंकाळी ऐकू आली आणि मी काही करायला उठणार एवढ्यात सुनीता म्हणाली, "बसा. जिंकली ती." एकसष्ट टक्के! आयुष्यात मी एवढा हातभार कुठल्याच निवडणुकीला लावला नव्हता.

आता हत्तीला पाच धडका लागतात. ऋतुजा पहिले आठ-नऊ सामने सपाटून हरली. मग एक जिंकली, आणि समोरच्यानं लिहिलं, 'छान खेळलीस.' हत्तीचं नावही काढलं नाही. ते तिनं मला तीनदा वाचून दाखवलं.

आणि तो तीस सामन्यांचा नियम? त्याला खेळाडूंनी नाव दिलंय 'पप्पा रूल'. पोलंडमध्ये म्हणतात, ब्राझीलमध्ये म्हणतात. कुणी नवखा मताला आला, की त्याला सांगतात, पप्पा रूल आहे, आधी खेळ. दाजींना हे कळलं तसा त्यांचा फोन आला.

"पावणं, जगात तुमच्या नावाचा कायदा झालाय म्हणं! बोर्ड कवा लावायचा?"

लावू म्हणालो. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावाची साधी बोळसुद्धा नाही, आणि माझ्या नावाचा नियम साऱ्या जगाला लागू आहे. त्याचा अर्थ फक्त एवढाच निघतो, की या माणसाला मत विचारू नका.