माळावरची शर्यत कोण जिंकलं

नाशिकजवळच्या अंबडला एका कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले, त्याला काही महिने झाले होते. नवे मॅनेजर जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पूर्वी इथं नुसता माळ होता म्हणे. काही म्हणता काही नव्हतं."

माझा घास हातातच राहिला. "साहेब, इथं मोटारींच्या शर्यती व्हायच्या," मी म्हणाले. "तुमची खुर्ची आहे ना, साधारण तिथंच वळण होतं."

सगळे हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

पण ते खरं होतं. सत्तर साल उलटल्यानंतरची ती वर्षं. दिवाळी झाली, बाजरी निघाली की नाशिकचे गॅरेजवाले त्या माळावर जमायचे आणि चुन्याच्या फक्कीनं मोठा गोल आखायचे. गाड्या सगळ्या भंगारातून उठवलेल्या. काचा काढलेल्या, दारं तारेनं करकचून बांधलेली. माझ्या वडिलांचं नाशिकातल्या द्वारका चौकाजवळ छोटं गॅरेज होतं. त्यांची गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून राबून आलेली, टप अजून पिवळाच. तिची मागची सीट त्यांनी काढून घरी आणली होती आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना तिच्यावर बसवायचो. जिंकणाऱ्याला एक फेटा आणि एक नारळ, बस्स. पण आसपासच्या गावांतून माणसं ट्रॅक्टरनं यायची, आणि आई भाकरी-ठेच्याचं गाठोडं सोडून उभी राहून ओरडायची. एरवी आईचा आवाज शेजारीसुद्धा ऐकू जात नसे.

वडिलांना टक्कर देणारा एकच माणूस होता. लासलगावहून ट्रकनं कांदा वाहणारे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांची जीप होती आणि जिभेला लगाम नव्हता.

शेवटच्या शर्यतीत हे दोघं शेवटच्या फेरीला अगदी खांद्याला खांदा लावून आले. नेमका त्याच वेळी वारा फिरला आणि रेषेवर धुळीचा असा लोट उठला की गाड्या दिसेनात. धूळ बसली तेव्हा दोघंही आपापल्या बॉनेटवर हात उंच करून उभे! पंच म्हणून एक रिटायर हवालदार होते. त्यांनी नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं आणि फेटा स्वतःच्याच डोक्याला बांधला.

पुढच्या वर्षी माळावर कारखान्यांचे प्लॉट पडले, शर्यत संपली. भांडण मात्र संपलं नाही. काका नाशिकला आले की गॅरेजवर चहाला येणार आणि पहिल्या घोटालाच म्हणणार, "तू दुसरा आला होतास, बरं का."

ऑफिसातल्या त्या हसण्यानंतर माझ्या डोक्यात आलं, हे सगळं असंच पुसलं जाणार. मी जुन्या मंडळींकडे जाऊ लागले. कुणाकडे फोटो निघाले, कुणी पोचे पडलेला बंपर दिला. प्रदर्शन भरवायला आमच्या वसाहतीतल्या विहाराचा हॉल एका रविवारपुरता मिळाला. वडील म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण गाडी पाहिजे गं."

गाडी त्यांनी सायखेड्याच्या एका शेतकऱ्याला विकली होती. आम्ही एसटीनं गेलो. गोदावरीच्या काठी त्याचं शिवार, आणि बांधावर ती उभी. मागचा भाग कापून ट्रॉलीसारखा केलेला, त्यात टोमॅटोचे क्रेट. टप पिवळाच होता. वडील तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"चालू आहे का?" मी विचारलं.

"चालू? अवो ताई, आत्ताच बाजारातून आली. लय गुणाची हाय."

प्रदर्शनात न्यायची म्हटल्यावर तो हसत सुटला. "दाखवायला? हिच्यात काय बघायचंय?"

मी त्याला शर्यतीचं सांगितलं. हिला बघून माणसं टाळ्या वाजवायची, शिट्ट्या मारायची, हेही सांगितलं. त्यानं शेतात काम करणाऱ्या बायकोला हाक मारली, "अगं, ऐकलं का? आपली गाडी शर्यतीतली हाय!"

"मंग!" तिकडून आवाज आला. "तरीच तुमी अशी हाकता व्हय!"

त्या रविवारी तो आला तो सगळं घर गाडीत घालून, हॉर्न वाजवत. टपावर झेंडूची माळ आणि मागे क्रेट तसेच, कारण परस्पर बाजारात माल टाकून जायचं होतं. लोक हॉल सोडून बाहेर धावले. काका त्यांच्या जीपचं बॉनेट डोक्यावर घेऊन आले होते, तेवढंच उरलं होतं म्हणे.

प्रत्येक फोटोखाली मी पुठ्ठ्यावर माहिती लिहीत होते. शेवटच्या शर्यतीच्या फोटोपाशी आले आणि अडले. धुळीचा लोट, त्यातून बाहेर आलेली गाड्यांची दोन नाकाडं, एवढंच त्यात दिसत होतं.

"लिही, माझं नाव लिही," वडील म्हणाले.

"पोरी, खरं असेल तेच लिहायचं," काका म्हणाले.

आवाज चढले. शेवटी आई पुढे आली. "गाडी बाहेर उभी आहे, शेजारी शाळेचं मैदान मोकळं आहे. जा, फिरून या आणि एकदाचं मिटवा."

गाडी एकच, म्हणून दोघंही तिच्यातच बसले. पहिली फेरी वडिलांनी चालवली. काका शेजारून ओरडत होते, "अरे, वळणाच्या आधी गिअर टाक! आधी!" मग जागा बदलल्या. काकांनी वळण असं काही घेतलं की मागचे क्रेट कलंडले आणि मैदानभर टोमॅटो पळाले. शेतकरी मागून धावत होता, "अवो, माल! माझा माल!" पण त्यालाच हसू आवरेना. बघणाऱ्यांनी टोमॅटो गोळा केले, निम्मे क्रेटमध्ये गेले, निम्मे तिथंच पुसून खाल्ले गेले.

दोघं धुळीनं माखून उतरले, एकमेकांच्या गळ्यात हात. मी विचारलं, "मग? कोण?"

"मी," दोघंही म्हणाले.

मी पुठ्ठा आणि पेन त्यांच्यापुढे केलं. वडिलांनी लिहिलं की आपण जिंकलो. काकांनी खाली ते खोटं असल्याचं लिहून सही केली. ते हवालदार आले होते, त्यांनी लिहिलं, "धुळीमुळे पंचास काही दिसले नाही." मग ज्यानं त्यानं पेन मागितलं. कुणाला दोघांचे टायर एकदमच रेषेवर पडलेले दिसले होते, कुणाला काकांची जीप शेवटी बंद पडलेली. आईनंही चार ओळी लिहिल्या आणि त्या वडिलांच्या बाजूच्या नव्हत्या! पुठ्ठा पुरेना, तेव्हा खाली ड्रॉइंगचा कागद चिकटवावा लागला.

तो फोटो कागदासकट गॅरेजमध्ये लागला. ट्रॅक्टर दुरुस्तीला आणणारे शेतकरी तो वाचत उभे राहायचे आणि एखादा विचारायचाच, "पण खरं कोण जिंकलं?" मग वडील पाना खाली ठेवायचे, हात पुसायचे आणि पहिल्यापासून सांगायला लागायचे. ट्रॅक्टर तासभर तसाच.