दोन स्वेटरांचा जोसेफ

एका खोलीत तीन मुलं राहिली की किस्से जमतातच, त्याला काही कष्ट पडत नाहीत. पाटील आणि मी आजही भेटलो की तेच तेच सांगत बसतो. मग पाटलाची बायको आतून म्हणते, "पुढचं मी सांगू का?" सगळे पाठ झालेत तिला. तरी एक किस्सा मात्र ती हातातलं काम टाकून ऐकायला येते. तो शेवटी सांगतो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात कॉलेजच्या हॉस्टेलवर आम्ही तिघं. मी मालवणकडचा, तोंडवलीचा. पाटील कागलकडचा. आणि जोसेफ थेट आफ्रिकेचा, मोंबासाजवळच्या समुद्रकाठच्या खेड्यातला, स्कॉलरशिपवर आलेला. गडी मोठा गोड, पण कोल्हापूरची थंडी आणि मेसचा रस्सा, दोन्ही त्याला सोसेनात. एकावर एक दोन स्वेटर घालून बसायचा आणि ताटातली भाकरी चिवडायचा. घरी एकटी आई. तिच्या आठवणीनं पोरगा अर्धा झाला होता.

त्या डिसेंबरात त्यानं प्रिन्सिपॉलना सांगून टाकलं की मला परत जायचंय. प्रिन्सिपॉल कडक माणूस, इंग्रजीशिवाय बोलायचे नाहीत. म्हणाले, "सोमवारी नक्की काय ते सांग. एकदा गेलास की स्कॉलरशिप गेली."

आम्हाला फार वाईट वाटलं. पाटील म्हणाला, "तुमच्याकडं समुद्र हाय न्हवं? चल, दोन दिवस घेऊन जाऊ त्याला."

*

शनिवारी पहाटेची एस्टी धरली. घाटात वारा नुसता सोलून काढत होता आणि आमच्या खिडकीला काच नव्हती. जोसेफनं दोन स्वेटरांवर माझी चादर घेतली, चादरीवर पाटलाची घोंगडी घेतली आणि सीटवर गठळं होऊन पडला.

कंडक्टर तिकिटाला आला. "ह्यां सामान कोणाचा?"

घोंगडीतून एक हात पैसे घेऊन बाहेर आला. कंडक्टर बिचारा दोन पावलं मागे सरकला.

*

त्याचं मन रमावं म्हणून मी बसमध्ये गाऱ्हाण्याची नक्कल करून दाखवली. आमच्याकडे देवाजवळ काही मागायचं असलं की गावचा मानकरी मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक मागणीला सगळे मिळून म्हणतात, "व्हय म्हाराजा!" जोसेफला ते भलतंच आवडलं. फोंडाघाटला उतरेपर्यंत पाठ.

तिथे चहावाल्यानं विचारलं, "साखर जास्ती घालू?"

"व्हय म्हाराजा!"

चहावाला इतका खूश झाला की दुसरा कप आपणहून घेऊन आला.

*

आचऱ्याला उतरून पुढे होडी. आमचा पाटील तालमीतला, पण पाण्याचं नाव काढलं की संपला. होडी हलली तसा त्यानं डोळे मिटून जोसेफला मिठी मारली. जोसेफ मात्र पाण्यात बोटं बुडवून, ती चाटून बघत होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं.

*

घरी आई आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. आडाळो म्हणजे पाटाची विळी, पुढे नारळ खवायचं दातेरी टोक. जोसेफ दारातच थबकला. मग आत गेला, आईच्या हातातून नारळाची कवड घेतली, आडाळ्यावर बसला आणि सफाईनं खवायला लागला. आमच्याकडे बाप्ये आडाळ्यावर बसत नाहीत. शेजारच्या बायका बघायला जमल्या.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "घरी आई आणि मी. बहीण नाही. नारळ मीच खवतो."

मी ते आईला सांगितलं. आईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ मेल्या, शीक कायतरी."

तेव्हापासून तो तिचा जुजे झाला. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात एक जुजे होता, म्हणजे जोसेफच, त्यामुळे हे नाव तिच्या तोंडात बसलेलं.

*

जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि नारळाच्या रसातली माशाची कढी. जोसेफनं पहिला घास घेतला आणि रडायलाच लागला. "आमच्याकडे असंच करतात," एवढं कसंबसं म्हणाला.

आई विचारी, "जुजे, भात वाढू?"

"व्हय म्हाराजा."

"कढी?"

"व्हय म्हाराजा."

शेवटी त्यानं हळूच मला विचारलं, "नको कसं म्हणायचं?"

मी म्हणालो, "ते आईसमोर चालत नाही."

*

रविवारी सकाळी धुक्यात किनाऱ्यावर रापण ओढायचं चाललं होतं. जाळं दर्यात आणि दोराला दोन्हीकडून माणसं. जोसेफनं एक स्वेटर काढून पाटलाच्या अंगावर फेकला आणि दोराला जाऊन भिडला. जाळं वर आल्यावर रापणीचा म्होरक्या तांडेल त्याला विचारतो, "खंयच्या गावचो रे तू?"

मी अर्थ सांगितला. जोसेफ म्हणाला, "आफ्रिका."

तांडेलानं जरा विचार केला. "लांब आसा. पण जेणां दोर ओढलो तेका वाटो, मगे तो खंयचोय असांदे." आणि वाटा म्हणून मूठभर बांगडे त्याच्यापुढे केले. जोसेफ ते शेपट्या धरून घरापर्यंत मिरवत आला.

*

निघण्याआधी आई म्हणाली, जुजेसाठी गाऱ्हाणा घालूया. माझे चुलते तात्या गावचे मानकरी. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. देवळापुढे दहा-बारा माणसं जमली. तात्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्यो झील दर्यापलीकडसून शिकूक इलो हा. तेका थंडीवाऱ्यात सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज जोसेफचा.

"परीक्षा पास करून मगेच तेका घराक जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. जोसेफनं मला अर्थ विचारला. मी सांगितला. तो गप्प उभा राहिला. ज्याच्यासाठी मागणं तोच गप्प, तर गाऱ्हाणं पुढे कसं जायचं? तात्या थांबले, सगळे थांबले.

तात्यांनी पुन्हा हात जोडले. "थंय तेची आवस येकटी आसा. झील परत जायसर तिका सुखरूप ठेव. ती आमची पण आवस, रे म्हाराजा!"

आवस म्हणजे आई, हेही मी त्याला सांगितलं. तेव्हा जोसेफ म्हणाला, "व्हय म्हाराजा." अगदी हळू. राहणार की जाणार, ते परतीच्या बसमध्ये आम्ही त्याला विचारलं नाही.

*

सोमवारी तो प्रिन्सिपॉलच्या खोलीत गेला. अंगात एकच स्वेटर. पाटील आणि मी दाराला कान लावून उभे.

प्रिन्सिपॉलनी इंग्रजीत विचारलं, "मग, राहणार आहेस का इथे?"

जोसेफनं हात जोडले. "व्हय म्हाराजा!"

पाटलानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आता साहेब भडकणार.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि ज्यांच्या तोंडून आम्ही कधी साधं मराठीसुद्धा ऐकलं नव्हतं ते प्रिन्सिपॉल अस्सल मालवणीत म्हणाले, "खंयच्या गावचो रे तू?"

जोसेफ म्हणाला, "तोंडवली."