गच्चीवर वाळलेली डिस्को

ती रेकॉर्ड साबणाने धुवायची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करतो.

देशाची बाजारपेठ नुकतीच खुली झाली होती आणि हैदराबादेत जो तो सीडीच्या मागे धावत होता. लोक जुन्या रेकॉर्डी सुलतान बाजारच्या फुटपाथवर रद्दीसारख्या विकत आणि मी त्या नल्लकुंटा भागातल्या माझ्या घरी आणून रचत असे. त्यातही फक्त अमेरिकन डिस्को आणि फंक! (भजनं ऐकणाऱ्यांची मला कीव यायची. इंग्रजी गाण्यातलं मलाही ओ की ठो कळत नसे, पण मान डोलवायला शब्द कशाला लागतात?)

याच नादापायी खलीलभाईंशी दोस्ती झाली. आम्ही एकमेकांना रेकॉर्डी ऐकायला द्यायचो. एका रविवारी त्यांनी जावयालाही कधी न दिलेली रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. "पहली तनखा का है मियाँ. अमानत समझो. शाम कू वापस होना."

घरी येऊन बघतो तर तिच्यावर बुरशी!

"दुसऱ्याची वस्तू आहे. फडक्यानं पुसा आणि देऊन टाका," बायको म्हणाली.

"तुला रेकॉर्डीतलं काय कळतं गं?"

साबणाने स्वच्छ धुऊन मी ती गच्चीवर नेली. मे महिना, दुपारचे बारा! आईने साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. शेजारीच रेकॉर्ड ठेवली, "आई, लक्ष ठेव गं," म्हणालो आणि खाली पंख्याखाली आडवा झालो. पाच मिनिटांचे दोन तास झाले.

"अरे, वाळली बघ तुझी!" आईची हाक आली. "एकीकडून कड उचलली म्हणून मी उलटवली. आता दुसरीकडूनही उचललीय!"

धावत वर गेलो. रेकॉर्डची परात झाली होती.

"इस्त्री आण!" मी ओरडलो.

"अहो, नका हो..."

टॉवेल टाकून इस्त्री फिरवलीच. रेकॉर्ड काही सपाट झाली नाही, टॉवेलची वीण मात्र तिच्यावर सुरेख उमटली!

तेवढ्यात खलीलभाई स्वतःच दारात हजर.

"क्या है ना भाई," मी सुरू केलं, "ये अमेरिका का माल, इसकू अपनी गर्मी..."

"धूप में कौन रक्खा?"

"इनेच रक्खा," आई म्हणाली. "मैं तो पलटाई भी!"

खलीलभाई रेकॉर्ड नुसती हातात फिरवत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन रविवार ते फिरकले नाहीत. चौथ्या रविवारी आले, तेही दुसरी रेकॉर्ड घेऊन! मी दोन्ही हात पुढे केले. मला वळसा घालून ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"अम्मा, ये अमानत आपके पास. साब कू सुनाओ, पन छूने नक्को देओ!"

तेव्हापासून बँकेतला मोठा साहेब, बेचाळिशीचा बाप्या मी, सतरंजीवर हाताची घडी घालून बसलो की मगच आई रेकॉर्डवर सुई ठेवायची.