सातवं माणूस

"सहा म्हंजी माणसं न्हाईत व्हय?" खुर्चीत बसायच्या आधीच मामा विचारायचे. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि माझ्या उत्तराची वाट बघायचे.

सणसवाडीत माझं लहानसं ऑफिस आहे. कारखान्यांची पीएफची, विम्याची कागदपत्रं करून देतो. मामा, सगळे त्यांना असंच म्हणत, मूळचे राहू गावचे. दोन लेथ मशिनं टाकून पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी वर्कशॉप काढलं होतं. हायवेवरून जाताना तुम्हीही अशा शेड पाहिल्या असतील. कामगार पाच, मामा सहावे. दहा कामगार असते तर सगळ्यांना ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड मिळालं असतं. खासगी विमा कंपनीची ग्रुप पॉलिसी घ्यायची तर निदान सात माणसं हवीत.

"शेडमधलं कुत्रं रोज टायमावर येतं. धरा की सात."

मी हसलो. मामा हसले नाहीत.

"मामींचं नाव लावू," मी सुचवलं.

"खोटं न्हाई लावायचं."

दुसऱ्या दिवसापासून मामी खरोखरच कामाला येऊ लागल्या. पदर खोचून, कानस घेऊन लोखंडी भागांच्या कडा घासत बसायच्या. पगारपत्रकावर सही करताना लाजायच्या. पॉलिसी झाली.

दोन वर्षांनी एक बिहारी कामगार गावी गेला तो परतलाच नाही. पुन्हा सहा. विमा कंपनीनं पॉलिसी पुढं चालू ठेवली नाही. मामा नवा माणूस शोधत फिरले, जो तो आधी विचारी, "कार्ड मिलेगा क्या?"

त्याच सुमाराला मामींना रक्ताचा आजार निघाला. सरकारी योजनेत त्यांचं औषध बसेना. आजार कळल्यावर नवा विमा कोण देणार?

शिरूरला लहान कारखानदारांची बैठक झाली. ईएसआयची दहा कामगारांची अट खाली आणावी का, यावर वाद पेटला. बरेच जण म्हणाले, हा खर्च झेपायचा नाही, शटर पडेल. मामा उठले. "माझं बी पडंल. पर आजारपण काय माणसं मोजून येतंय?" अध्यक्षांनी निवेदन वर पाठवू म्हणून सांगितलं आणि चहा आला.

महिन्याभरात मामांनी लेथ विकले. पन्नाशी उलटलेला तो मालक एका मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला.

"मामा, हे काय केलंत?"

"मालकाला कोण इचारत न्हाई. मजुराला कार्ड तरी हाय."

पण घरच्यांच्या महागड्या उपचाराला नोकरीचे ठरावीक दिवस भरावे लागतात. दर रविवारी मामा यायचे. "किती ऱ्हायले?" मी आकडा सांगायचो. अंगात ताप असतानाही त्यांनी खाडा केला नाही. मामींना दवाखान्यात शेजारीण न्यायची.

एकोणीस दिवस उरले असताना मामी गेल्या. मामा तेव्हा पहिल्या पाळीला होते.

तेरावं उरकून ते ऑफिसात आले. कार्डावरचं नाव कमी करायचा फॉर्म मी पुढं ठेवला.

"नाव खोडावं लागतंय?"

"नाही मामा. नुसती तारीख टाकायची."

"मग टाका."

मी लिहीपर्यंत मामींच्या नावावर तळहात ठेवून ते बसून राहिले.